कागदपत्र पडताळणीला गैरहजर राहिल्यावर शिक्षकपदाची निवड जाते का?

तळोदा तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांची हकिगत थोडक्यात सांगतो. डी.एल.एड. झालेलं, टीईटीचा पहिला पेपर पास, टेटला (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीला) चांगले गुण, आणि राज्याच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलच्या शिफारस यादीत एका जिल्हा परिषदेकडे पहिली ते पाचवीच्या गटासाठी नाव. त्या जिल्हा परिषदेनं कागदपत्र पडताळणी सोमवारी आणि मंगळवारी ठेवली. सूचना संकेतस्थळावर टाकली शुक्रवारी संध्याकाळी. रविवारी पहाटे ताईंचं सिझेरियन झालं. पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल नंबर जुना होता, ते सिम बंद पडलेलं. पडताळणीनंतरच्या शुक्रवारी त्यांचे यजमान फाइल घेऊन गेले, तर टेबलावरून उत्तर मिळालं, "गैरहजर शेरा मारून यादी वर पाठवली, आता इथं काही होणार नाही." या गोष्टीला तीन आठवडे झाले. त्यांचे प्रश्न असे: निवड गेली का, मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जायचं का, आणि "चूक माझीच आहे, तर कोर्ट ऐकेल का?"

ताई, आधी माझी ओळख, म्हणजे मी हे कुठून बोलतोय ते कळेल. मी मूळचा अमळनेरचा. सुरुवातीची वर्षं धुळ्याच्या कोर्टात, मग उच्च न्यायालयाच्या खंडपीठात सेवाविषयक, म्हणजे नोकरीची प्रकरणं. मधली काही वर्षं मी एका जिल्हा परिषदेच्या वकिलांच्या पॅनेलवर होतो, म्हणजे तुमच्यासारख्या उमेदवारांच्या याचिकेला उत्तर लिहायचं काम माझ्याकडे असायचं. आता बहुतेक वेळा उमेदवारांकडून उभा राहतो. दोन्ही बाजूंचे कागद पाहिल्यामुळे एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. उमेदवार "माझ्यावर अन्याय झाला" असं म्हणत येतो, पण कोर्टापुढे प्रश्न तिथून सुरू होत नाही. कोर्ट तीन गोष्टी पाहतं. नेमकं काय हुकलं, पात्रता की हजेरी? बोलावणं नीट पोचेल अशा पद्धतीनं केलं होतं का? आणि उमेदवार आला तेव्हा जागा शिल्लक होती का? तुमचं सगळं प्रकरण या तीन प्रश्नांत आहे, आणि तिसरा प्रश्न रोज थोडा थोडा तुमच्या विरोधात जातो आहे.

पहिला प्रश्न घेऊ. पात्रता आणि पात्रतेचा पुरावा यांत कायदा फरक करतो. ठरलेल्या तारखेला तुमच्याकडे पदविका नसेल, टीईटी नसेल, तर नंतर कितीही धावपळ केली तरी उपयोग नाही. पण पात्रता त्या तारखेला होती आणि फक्त तिचा कागद दाखवायला उशीर झाला, तर तिथं न्यायालयानं मोकळीक दिलेली आहे. डॉली छंदा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं. ते प्रकरण वैद्यकीय प्रवेशाचं होतं, भरतीचं नव्हतं, पण तत्त्व भरतीतही लावलं जातं: पात्रता तारखेलाच हवी, पुराव्याच्या बाबतीत सगळीकडे एकच ताठर नियम लावू नये. तुमच्या बाबतीत तर कागदसुद्धा तयार होते, तारखेच्या आधीचे होते. हुकली ती फक्त हजेरी. ही तुमची सगळ्यात भक्कम बाजू आहे, आणि अर्जात ती पहिल्या परिच्छेदात यायला हवी.

दुसरा प्रश्न बोलावण्याचा. इथं तुमची बाजू अर्धी भक्कम आहे आणि अर्धी कच्ची. कच्ची आधी सांगतो. पोर्टलच्या सूचनांमध्ये साधारणपणे लिहिलेलं असतं की संकेतस्थळ वेळोवेळी पाहणं ही उमेदवाराची जबाबदारी आहे. पॅनेलवर असताना मी उत्तराच्या पहिल्या पानावर हेच कलम टाकायचो. त्यात तुमचा नंबर बंद. समोरचा वकील म्हणेल, "एसएमएस पाठवला होता, नंबर बदलल्याचं कळवलं नाही, त्याला आम्ही काय करणार?" याला उत्तर नाही असं नाही, पण ही गोष्ट लपवायची नाही. आपल्याच याचिकेत आपणच लिहायची. समोरून उघड झाली तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो. एका मुलाच्या प्रकरणात असंच झालं. मुलगा खरा होता, पण त्याच्याच इनबॉक्समधला ईमेल समोरच्यांनी दाखवला आणि तिथून सुनावणीचा सूरच बदलला.

आता भक्कम बाजू. शुक्रवारी संध्याकाळी सूचना, सोमवारी पडताळणी. मध्ये शनिवार आणि रविवार. महाराष्ट्रात सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणजे त्या दोन दिवसांत कुणी फोन करून विचारायचं म्हटलं तरी उचलायला माणूस नाही. धडगाव, मोलगी, तोरणमाळ भागातल्या उमेदवारानं तर रेंजसाठी टेकडी चढायची, सूचना वाचायची, झेरॉक्स काढायच्या, एसटी पकडायची, आणि सोमवारी सकाळी दुसऱ्या जिल्ह्याच्या ठिकाणी हजर व्हायचं. ही मुदत वाजवी होती का, हा प्रश्न राज्यघटनेच्या कलम १४ आणि १६ खाली विचारता येतो. कार्यालयात बसून हे लक्षात येत नाही, पण न्यायमूर्तींना नकाशा दाखवला की येतं. मी खरोखर याचिकेला तालुक्याचा नकाशा आणि एसटीचं वेळापत्रक जोडलेलं आहे.

त्याहून जास्त वजन एका गोष्टीला येतं, आणि ती तुम्हाला अजून माहीत नाही: इतरांशी कसं वागले? हजर नसलेल्या बाकीच्यांना आस्थापनेवरून फोन गेले होते का? बुधवारी, गुरुवारी कुणाची पडताळणी करून घेतली का? एका प्रकरणात माहिती अधिकारात हजेरीपत्रक मागवलं, तर सहीच्या रकान्यात चौघांपुढे नंतरच्या तारखा निघाल्या. मग "मुदत संपली होती" हा बचाव उभाच राहिला नाही. नियम सगळ्यांना सारखा लावला असता तर आम्ही हरलो असतो, तो लावला नव्हता म्हणून टिकलो. म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज लगेच टाका. त्यात पडताळणीच्या सूचनेची प्रत आणि ती संकेतस्थळावर टाकल्याची तारीख-वेळ, हजेरीपत्रकाची प्रत, गैरहजरांची यादी, नंतर कुणाला संधी दिली असल्यास त्याचा आदेश, आणि शिक्षण आयुक्त कार्यालयाला पाठवलेल्या पत्राची प्रत एवढं मागा. "माझ्यावर कारवाई का झाली" असं विचारू नका. माहिती अधिकारात कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. मुदत ३० दिवसांची असते, पण त्या उत्तरासाठी कोर्टात जायचं थांबवू नका. उत्तर आलं की ते नंतर दाखल करता येतं.

बाळंतपणाबद्दल वेगळं लिहितो, कारण तुम्ही "घरच्या अडचणीमुळे" असा शब्द वापरला आहे. हा शब्द काढून टाका. सिझेरियन ही घरची अडचण नाही. रविवारी पहाटे शस्त्रक्रिया झालेल्या बाईनं सोमवारी फाइल घेऊन रांगेत उभं राहावं अशी अपेक्षा कुठलाही कायदा करत नाही. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, दाखल झाल्याची आणि सोडल्याची तारीख, शस्त्रक्रियेची नोंद आणि बाळाचा जन्मदाखला हे चार कागद आजच एकत्र करा. "दुसऱ्या कुणाला पाठवायचं होतं" असं लोक म्हणतात, त्यावर एकच विचारायचं: प्रतिनिधी चालेल असं सूचनेत लिहिलं होतं का? नसेल तर तो आक्षेप गळतो. तरीही तुमचे यजमान शुक्रवारी गेले, हे फार महत्त्वाचं आहे. पाचव्या दिवशी कुणी धावत जातं याचा अर्थ उमेदवारानं जागा सोडलेली नाही. पण त्या भेटीची नोंद आहे का? तोंडी उत्तर घेऊन परत आले असतील तर कागदावर ती भेट झालीच नाही. यजमानांनी त्या दिवशी कुणाला फोन केला, व्हॉट्सॲपवर काय लिहिलं, एसटीचं तिकीट राहिलंय का, सगळं शोधा.

तिसरा प्रश्न जागेचा. निवड यादीत नाव आलं म्हणजे नेमणुकीचा पक्का हक्क झाला असं नाही, हे १९९१ च्या शंकरसन दाश निकालापासून ठरलेलं आहे. समोरचे वकील हा निकाल हमखास वाचतात. पण ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं तेजप्रकाश पाठक प्रकरणात तेच तत्त्व मान्य करून पुढचं वाक्यही स्पष्ट केलं: जागा शिल्लक असतील तर यादीतल्या उमेदवाराला मनमानीपणे नेमणूक नाकारता येत नाही. "जागा शिल्लक असतील तर" या चार शब्दांसाठी तुम्ही आज हलायला हवं. गैरहजरांच्या जागा रिक्त धरून पुढच्या फेरीत टाकल्या जातात. तुमच्या जागेवर दुसरी एखादी मुलगी आली, तिला आदेश मिळाला, ती शाळेत रुजू झाली, की प्रकरण पूर्ण वेगळं होतं. मग तिला प्रतिवादी करावं लागतं, आणि तिची तर काहीच चूक नसते. कोर्ट तिला उठवायला सहज तयार होत नाही, आणि माझ्या मते होऊही नये. पॅनेलवर असताना याचिका हातात आली की मी आधी दोन तारखा शोधायचो: उमेदवाराचा पहिला लेखी अर्ज कधीचा आणि जागा कधी भरली. अर्ज आधीचा निघाला की मी अधिकाऱ्यांना सांगायचो, "साहेब, हे मिटवून टाका." जागा आधी भरलेली निघाली की मी निर्धास्त व्हायचो.

म्हणून तीन आठवडे झाले हे ऐकून मी अस्वस्थ झालो. अजून उशीर झालेला नाही, पण अर्जावर अर्ज करत सहा महिने घालवले तर होईल. निवेदनं देत राहिल्यानं मुदत वाढत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं अनेकदा बजावलं आहे. आपल्याकडे माणसं आधी आमदारांकडे जातात, मग संघटनेकडे, मग पुण्याला आयुक्तालयात, मग मुंबईला. या फेऱ्यांत दिवस जातात आणि हातात एक आवक शिक्कासुद्धा राहत नाही. भेटायचं असेल तर भेटा, पण लेखी अर्ज आधी.

आता मॅटचं. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण हे राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे, जिल्हा परिषदेच्या शिक्षकभरतीसाठी नाही. तिथं गेलात तर अधिकारक्षेत्र नाही म्हणून परत पाठवतील आणि जागा निघून जाईल. शाळा न्यायाधिकरणही तुमच्यासाठी नाही, ते १९७७ च्या कायद्याखाली खासगी शाळांतल्या नोकरीत असलेल्या कर्मचाऱ्यांच्या बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती अशा प्रकरणांसाठी आहे. तुमचा मार्ग एकच, कलम २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाकडे येतात. तळोद्याहून अंतर मोठं आहे, धुळं, चाळीसगाव, मग कन्नडचा घाट. ओल्या बाळंतिणीनं हा प्रवास लगेच करायची गरज नाही. कागद यजमानांच्या हाती पाठवा, आणि शपथपत्र जवळच्या ठिकाणी करता येईल का ते वकिलांना आधीच विचारा.

खर्चाची काळजी तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिली आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२: स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळते, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांनाही तसंच. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो, आणि खंडपीठाची स्वतःची विधी सेवा समितीही आहे. खान्देशातल्या कितीतरी मुलींना हे कुणी सांगतच नाही, आणि त्या दागिने मोडून फी भरतात. मला हे पाहवत नाही, म्हणून इथं मुद्दाम लिहिलं.

याचिकेत काय मागायचं, यावर बरंच ठरतं. नवीन वकील थेट "नियुक्ती द्या" असं मागतात. पण तुमची पडताळणीच झालेली नाही, तर कोर्ट नियुक्ती कशी देणार? लहान मागा. गैरहजेरीचा शेरा रद्द करावा, ठरवलेल्या दिवशी माझी कागदपत्रं तपासावीत, पात्र ठरले तर शिफारशीप्रमाणे पुढची कार्यवाही करावी. आणि तोपर्यंत माझ्या प्रवर्गातलं एक पद रिक्त ठेवावं, ही अंतरिम मागणी. पहिल्या तारखेचा सगळा जोर या शेवटच्या मागणीवर लावायचा. पद राखलं गेलं की निकाल पुढे लागला तरी चालतो, आणि कित्येकदा प्रशासन स्वतःच पडताळणी करून टाकतं. मेमध्ये आणि दिवाळीत कोर्टाला सुट्टी असते. तातडीचं प्रकरण सुट्टीतल्या न्यायालयापुढे नेता येतं, पण तातडी का आहे हे दाखवावं लागतं, आणि तीन महिने घरी बसून आलेल्याला ते दाखवता येत नाही.

चुकीला क्षमा किती, याबद्दल दोन निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. जानेवारी २०२४ मध्ये वशिष्ठ नारायण कुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात पोलीस शिपाई भरतीच्या ऑनलाइन अर्जात जन्मतारखेचा आकडा चुकला होता. अर्ज खेड्यातल्या मुलानं सायबर कॅफेतून भरलेला. त्या चुकीचा त्याला कसलाही फायदा होत नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं ती चूक क्षुल्लक ठरवली आणि त्याला दिलासा दिला. उलट उत्तर प्रदेशातल्या ६९,००० सहायक शिक्षकांच्या भरतीत ज्यांनी अर्जात प्रत्यक्षापेक्षा जास्त गुण भरले होते, त्यांना २०२१ मध्ये दिलासा मिळाला नाही. कारण तिथं चुकीमुळे गुणवत्ता यादीत वर जाता येत होतं. तुमचा बंद मोबाइल नंबर पहिल्या प्रकारचा आहे. त्यानं तुम्हाला काही मिळालं नाही, उलट गेलं. हे वकिलांना असंच मांडायला सांगा.

हे वाचणारे बाकीचेही असतील, आणि त्यांचं काही वेगळं हुकलेलं असेल, म्हणून थोडं सांगतो. पोर्टलवर पसंतीचे प्राधान्यक्रम जनरेट केले पण लॉक करायचे राहिले, अशी मुलं दर भरतीत येतात. यात दिलासा मिळणं सगळ्यात अवघड. कारण यादी त्याच पसंतीवर लागते, आणि एकासाठी ती उघडली तर खालची सगळी नावं हलतात. पोर्टलच बंद होतं, लॉग-इन होत नव्हतं, असं असेल आणि मुदत संपायच्या आधी मदतकक्षाला ईमेल केलेला असेल तरच लढा. नॉन-क्रीमीलेअर किंवा जातवैधता तहसीलमध्ये, समितीत अडकली असेल, तर अर्जाची पोच घेऊन पडताळणीला हजर राहा. कागद नाही म्हणून घरी बसू नका. हजर असून कागद अपुरा आणि मुळात गैरहजर, यांत फार अंतर आहे. शाळा निवडण्याच्या समुपदेशनाला जाता आलं नाही, तर माझ्या अनुभवात निवड सहसा जात नाही, पसंती जाते, आणि उरलेली शाळा मिळते. ती साताऱ्या-पुण्याच्या रस्त्यावरची नसून सातपुड्याच्या टोकाची असेल, पण नोकरी राहते. आणि आदेश मिळाल्यावर रुजू व्हायला अडचण असेल तर मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याआधी द्या. संपल्यानंतरच्या अर्जाला मी पॅनेलवर असताना एका ओळीत उत्तर द्यायचो.

ताई, तुम्हाला यश मिळेल का? जागा अजून भरली नसेल आणि कागद तुम्ही सांगता तसेच असतील, तर मी हे प्रकरण घ्यायला कचरणार नाही. जागा भरली असेल तर त्याच प्रवर्गातलं दुसरं पद रिक्त आहे का, हे बिंदुनामावलीवरून (आरक्षणानुसार पदांच्या नोंदवहीवरून) पाहावं लागेल, आणि तेव्हा मी इतक्या ठामपणे बोलणार नाही. सूचना खरोखर शुक्रवारीच टाकली होती का, यावरही बरंच आहे. ती त्याआधी पोर्टलच्या बुलेटिनवर आलेली निघाली तर दोन दिवसांच्या मुदतीचा मुद्दा गेला, आणि बाळंतपण हाच एक आधार राहिला.

उद्याचं काम एवढंच. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे एक पानाचा अर्ज, प्रत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि शिक्षण आयुक्त, पुणे यांना. मजकूर असा: शिफारस यादीतला क्रमांक अमुक, पात्रतेचे सर्व कागद मुदतीपूर्वीचे आणि माझ्याकडे तयार, पडताळणीची सूचना अमुक तारखेला प्रसिद्ध, रविवारी शस्त्रक्रिया, शुक्रवारी पती कार्यालयात हजर, माझा चालू मोबाइल नंबर हा, पडताळणीसाठी तारीख द्यावी आणि तोवर माझे पद पुढील फेरीत वर्ग करू नये. "माझी चूक झाली", "दया करावी" हे शब्द त्यात नकोत. दवाखान्याचे कागद जोडा. यजमानांनी दोन प्रती घेऊन जायचं, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. टेबलावरच्या बाबूंनी "ठेवून जा" म्हटलं तर आवक-जावक विभागात जायचं, तिथंही घेतलं नाही तर त्याच दिवशी पोस्टातून स्पीड पोस्टनं पाठवायचं आणि पावती जपायची. त्या शिक्क्याचा किंवा पावतीचा फोटो वकिलांना त्याच संध्याकाळी पाठवा, याचिका तिथून लिहायला घेता येते.